नारळावर हात

“वस्ताद, आपल्याला उद्याची मॅच जिंकायची हाय का न्हाई?”

विचारलं मी. तालमीच्या पायरीवर उभी राहून, अख्ख्या बुरूज पेठेसमोर, केरबा वस्तादांच्या डोळ्यात डोळे घालून. मागं उभ्या माझ्या मैत्रिणींपैकी सायमानं प्रांजलचा दंड एवढ्या जोरात धरला की प्रांजल “आई गं” म्हणाली.

पैज त्या दोघींनीच लावली होती. “वक्तृत्वाची ढाल आणली म्हणून लई उडतीस ना? मग वस्तादांना विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलणार.”

“मी विचारतो,” मी म्हटलं. “बघाच.” कोल्हापुरात आम्ही पोरी असंच बोलतो, मी जातो, मी करतो. वहीत लिहिलं की बाई लाल शाईनं ‘जाते’ करतात.

तेव्हा मी नववीत होते. आता बारावीत आहे.

आमच्या गावात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. प्रत्येक पेठेला एक तालीम. आत कुस्तीचा हौदा, कोनाड्यात मारुती, आणि त्याच तालमीची फुटबॉल टीम. बारशाला आलेली बाई आधी बाळाचं नाव विचारते आणि मग पेठ कुठली ते. आमची बुरूज तालीम लीगच्या वरिष्ठ गटातून कधीच खाली गेली नव्हती. कधीच म्हणजे कधीच! आणि त्या वर्षी आम्ही तळाला होतो.

टीम वाईट नव्हती. टीम चालवणारे भारी होते, त्यांची तऱ्हाच भारी. अध्यक्षांचा जावई सेंटर फॉरवर्ड. त्याला बॉल दिला की तो आधी सासऱ्यांकडं बघायचा आणि मग गोलकडं. गोव्याहून एक जण आणला, त्याला पहिल्याच रविवारी एवढा तांबडा रस्सा पाजला की तो बिचारा पुढच्या मॅचला पोट धरून बाकड्यावर. प्रॅक्टिसचं पटांगण ऐन सीझनमध्ये कुणाच्या तरी लग्नाला दिलं. आणि हरलं की केरबा वस्ताद पोरांना जोर-बैठका मारायला लावायचे, कारण वस्ताद कुस्तीतले. “मांडीत दम नाही म्हणून गोल होईना,” म्हणायचे. त्यातल्या त्यात एकटा खेळत होता तो आमचा गोलकीपर पृथ्वीदादा. शेजारच्याच घरातला, मी त्याला राखी बांधते. तो नसता तर प्रत्येक मॅचला अर्धा डझन गोल खाल्ले असते.

आणि टीमचे मॅनेजर कोण? माझे पप्पा. टायरचं दुकान संध्याकाळी लवकर बंद करून ते तालमीत जायचे आणि रात्री जेवताना आईला कॉर्नर किक समजावून सांगायचे.

तर ती शेवटच्या मॅचच्या आदली संध्याकाळ. रिवाजाप्रमाणं खेळाडू आत मारुतीपुढं जमले होते. मोठ्या मॅचच्या आधी मारुतीपुढं नारळ ठेवतात, त्यावर एकेक जण हात ठेवतो आणि ‘पेठेचं नाव राखीन’ म्हणून शपथ घेतो. तालमीत बायका-पोरींनी जायचं नाही, म्हणून आम्ही पायरीवर. आतलं काही ऐकू येत नव्हतं. फक्त एकेकाचा हात पुढं जाताना दिसत होता. पृथ्वीदादाचा हात जरा उशिरानं गेला.

मग सगळे बाहेर आले आणि मी विचारलं.

मला वाटलं होतं, एक तर सगळे हसतील, नाही तर वस्ताद खेकसतील. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. वस्तादांनी पप्पांकडं बघितलं. पप्पांनी चपलेकडं बघितलं. अध्यक्षांचा जावई उगाच मोबाईल काढून बघायला लागला.

“पोरी,” वस्ताद शेवटी म्हणाले, “आपल्याला काय पाहिजे ते मारुतीला सांगितलंय.”

“मग झालं!” मी म्हटलं. मला ते उत्तर एवढं आवडलं की मी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्यांना कुणी साथ दिली नाही.

“नंदू, घरी जा,” पप्पा म्हणाले. माझं नाव राजनंदिनी. पप्पा चिडले की मी पूर्ण राजनंदिनी असते आणि खूश असले की नंदू. त्या दिवशी आवाज चिडल्यासारखा होता आणि नाव मात्र नंदूच. मला ते जरा विचित्र वाटलं, पण दप्तराची पैज जिंकल्याच्या नादात मी विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शाळेतून थेट बुरूजच्या गॅलरीत, बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत. मी गालावर भगवा-काळा पट्टा ओढलेला. समोर सरदार तालीम, लीगमधली दुसऱ्या नंबरची टीम.

प्रांजलला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ती आमच्यासाठी यायची. सायमा तिला समजावत होती. “बघ, सोप्पं हाय. बुरूज जिंकली तर बुरूज वरिष्ठ गटात राहणार. नाही जिंकली तर खाली.”

“आणि सरदारचं काय?”

“सरदार जिंकली तर लीगची शील्ड सरदारची. नाही जिंकली तर शील्ड थोरल्या विहिरीला. त्यांच्या मॅचेस संपल्यात, ते नुसते बसून बघणार.”

थोरली विहीर म्हणजे आमच्या शेजारची पेठ. मध्ये फक्त एक रस्ता. त्या रस्त्यावरून आमच्याकडची माणसं दूध आणायलासुद्धा पलीकडं जात नाहीत. मी विहिरीच्या मुलीशेजारी बाकावर बसत नव्हते, पहिलीपासून.

“म्हणजे आज विहिरीची पोरं बुरूजच्या बाजूनं?” प्रांजल खिदळली.

खरंच तसं होतं! पलीकडच्या गॅलरीत विहिरीची पोरं ढोल घेऊन आली होती आणि गळे फाडून ओरडत होती, “बुरूज! बुरूज!” असं दृश्य उभ्या जन्मात कुणी पाहिलं नसेल. मी पोट धरून हसले. आमच्या गॅलरीतली मोठी माणसं मात्र हसत नव्हती. हातावर हात ठेवून बसली होती, पिक्चर सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखी.

शिट्टी झाली. रेफ्री नदाफ सर होते, बारके, काटक, सगळ्या पेठांच्या शिव्या खाऊन कान कडक झालेले.

सुरुवातीला आमची पोरं पायात शिसं भरल्यासारखी पळत होती. मी ओरडून ओरडून घसा बसवला. “पळा की रे! बॉल काय चावतोय का?” पण मग यशराजला बॉल मिळाला. यशराज नवीन होता, कॉलेजच्या टीममधून घेतलेला, आमच्यात सगळ्यात लहान. त्यानं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि असा काही डाव्या पायानं मारला की सरदारचा गोलकीपर हललाच नाही.

गोल!

मी खुर्चीवर चढले. सायमाला मिठी मारली, प्रांजलला मिठी मारली, शेजारच्या अनोळखी काकूंनासुद्धा मारली. आम्ही वर राहणार होतो! मग माझ्या लक्षात आलं की आवाज फक्त समोरून येतोय. विहिरीच्या गॅलरीत ढोल फुटायची वेळ आली होती. आणि आमची बुरूजची गॅलरी बसलेली. अख्खी बसलेली. एका आजोबांनी तर डोक्याला हात लावला होता.

“हे असं का बसलेत?” प्रांजलनं विचारलं.

“धक्क्यात असतील,” मी म्हटलं. “या सीझनला गोल बघायची सवय कुठं राहिलीय!”

मैदानात यशराज दोन्ही हात पसरून आमच्या गॅलरीकडं धावत आला. कुणी टाळी वाजवली नाही. तो मध्येच थांबला, हात खाली घेतले, मागं वळला. त्याच्या गळ्यात पडायलासुद्धा कुणी आलं नव्हतं.

आणि तेवढ्यात बाकड्यावरून पप्पा उठले. त्यांनी बोटानं यशराजला बाहेर बोलावलं.

मला वाटलं, शाबासकी द्यायला. तर त्यांनी त्याला काढलं. गोल करणाऱ्या पोराला, पहिल्या हाफमध्ये, धडधाकट असताना! त्याच्या जागी अध्यक्षांचा जावई उठून मैदानात गेला.

“पप्पा!” मी किंचाळले. “पप्पा, अहो काय करताय?”

विहिरीच्या ढोलांत त्यांना ऐकू गेलं नसणार. पण त्यांनी मान वर केली नाही, हे मला दिसलं.

दुसऱ्या हाफमध्ये आमची टीम चालत होती. खेळत नव्हती, चालत होती, जेवण झाल्यावर रंकाळ्यावर फिरायला निघाल्यासारखी. सरदारची पोरंसुद्धा बावरली. बॉल घेऊन जावं तर समोरचा बाजूला होतोय. त्यांनी बरोबरीचा गोल केला तेव्हा आमचे दोन डिफेंडर कमरेवर हात ठेवून उभे होते.

नदाफ सरांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. आमच्या कॅप्टनला घेऊन बाकड्यापाशी आले, पप्पांसमोर. आमची गॅलरी तिथून जवळच, शब्द न् शब्द ऐकू आला.

“इंगवले, खेळायचं नसेल तर तसं सांगा. मी शिट्टी खिशात घालून घरी जातो.”

“खेळतायत की सर,” पप्पा म्हणाले. “पोरं दमल्यात.”

“पस्तीस वर्षं मैदानावर हाय मी. दमलेलं पोर कसं दिसतं ते मला ठाव हाय.”

सरांनी बॉल उचलला, तळहातावर ठेवून क्षणभर बघत राहिले आणि परत फिरले.

सायमानं प्रांजलला समजावून सांगायचं थांबवलं होतं. ती आमच्यातली हुशार. तिला माझ्याआधी कळलं असणार, पण तिनं सांगितलं नाही.

मग सरदारच्या एकानं लांबून सणसणीत शॉट मारला. वरच्या कोपऱ्यात जाणारच तो. आणि पृथ्वीदादा उडाला! काय उडाला! पूर्ण अंग ताणून, बोटांच्या टोकांनी बॉल बारवरून ढकलला. तसा सेव्ह मी आजपर्यंत परत पाहिलेला नाही.

मी ओरडणार, तेवढ्यात माझ्या मागून आमच्याच पेठेचा आवाज आला.

“सोड की रे, बिनडोक!”

दुसरा आवाज. “हात आखडता येत न्हाई व्हय तुला?”

तिसरा, चौथा. बायकासुद्धा. सगळी बुरूज पेठ उभी राहून आपल्याच गोलकीपरला शिव्या घालत होती, बॉल अडवला म्हणून. माझ्या शेजारच्या काकू, ज्यांना मी मघाशी मिठी मारली होती, त्या तळतळून म्हणाल्या, “घात केला असता मेल्यानं. शील्ड विहिरीच्या घशात गेली असती.”

तेव्हा मला कळलं.

मी खाली बसले. आमची गॅलरी जिंकायला आलीच नव्हती. विहिरीला शील्ड मिळू नये म्हणून आम्ही हरायला आलो होतो. वरिष्ठ गट जाऊ दे, नाव जाऊ दे, पण त्या रस्त्यापलीकडं गुलाल उडायला नको. आणि हे सगळ्यांना माहीत होतं. एक मी सोडून. गालावर पट्टा ओढून, खुर्चीवर चढून नाचणारी मी सोडून.

कॉर्नर आला. बॉल आमच्या गोलसमोर पडला, घरंगळत निघाला. अगदी सावकाश. प्रांजलनं चालत जाऊन उचलला असता एवढा सावकाश. पृथ्वीदादानं दोन्ही हात मागं बांधले आणि तोंड जाळीकडं फिरवलं. बॉल त्याच्या पायाजवळून आत गेला.

आमची गॅलरी फुटली. शिट्ट्या, टोप्या, आणि कुणीतरी घरून पिशवीत भरून आणलेला गुलाल. घरून आणलेला! समोर विहिरीचा ढोल बंद. आम्ही वरिष्ठ गटातून खाली गेलो होतो आणि आमची माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. मलाही एक पेढा कुणीतरी तोंडाशी धरला. मी तोंड घट्ट मिटलं तर तो माझ्या गालाला फासला गेला.

मॅच संपल्यावर मी सरळ मैदानात घुसले. पृथ्वीदादा गोलपोस्टला टेकून बसला होता, ग्लोव्हज काढत. लोक वस्तादांना खांद्यावर घेऊन बाहेर निघाले होते, हलगी लागली होती. त्याच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं.

“दादा, तू मुद्दाम सोडलास?”

त्यानं वर बघितलं नाही. “काल नारळावर हात ठेवला ना आम्ही.”

“ती शपथ तर नाव राखायची असते!”

“काल वस्तादांनी वेगळी घ्यायला लावली. विहिरीला शील्ड मिळू देणार न्हाई, अशी.” त्यानं ग्लोव्हज गवतावर टाकले. “यशराज काल नव्हता. प्रॅक्टिकल होती त्याची. त्याला कुणी सांगायचं राहिलं, म्हणून त्यानं गोल केला.”

“आणि तो सेव्ह?”

“तो मी केला न्हाई गं, नंदू,” तो म्हणाला आणि त्यानं बाहीला डोळे पुसले. “बॉल आला आणि हात गेले. मारुतीपुढं शपथ घेतलेली मोडली का काय, तेच कळंना झालंय मला.”

मी त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसले. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. “ही आयडिया कुणाची? वस्तादांची?”

त्यानं एक ग्लोव्ह परत उचलला, त्याची चिकटपट्टी उघडली, लावली.

“दादा, सांग.”

“पप्पांना विचार की तुझ्या.”

सायमा आणि प्रांजल काठावर माझं दप्तर घेऊन थांबल्या होत्या. पैज हरल्या होत्या ना. मी म्हटलं, “तुम्ही व्हा पुढं. मला एक काम हाय.”

घरी पोचले तर दारात गुलालाचे पाय उमटलेले. पप्पा सोफ्यावर, केस गुलाबी, शर्ट गुलाबी, हातात पेढ्यांचा पुडा. आई कव्हर खराब झालं म्हणून कुरकुरत होती.

“आलीस व्हय नंदू!” पप्पा खुशीत होते. “विहिरीच्या पोरांची तोंडं बघितलीस का? एरंडेल प्यायल्यागत झाली होती!”

“तुम्ही सुचवलंत?”

पुडा खाली ठेवला गेला.

“पृथ्वीनं सांगितलं का?”

“कुणी का सांगेना. तुम्ही सुचवलंत का?”

आईनं एकदा माझ्याकडं, एकदा पप्पांकडं बघितलं. तिलाही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरनं कळलं, आणि मला उगाच थोडं बरं वाटलं.

“हे बघ,” पप्पा म्हणाले. “तू पाळण्यात होतीस तेव्हा मी टीममध्ये खेळत होतो. आपण फायनल हरलो विहिरीकडनं. त्या रात्री त्यांनी आपल्या तालमीच्या दारात तिरडी आणली. आपली जर्सी तिच्यावर बांधलेली, पुढं मडकं. माझा नंबर होता त्या जर्सीवर. माझी तिरडी काढली गं त्यांनी, नाचत, आणि तुझे आजोबा पायरीवर बसून बघत होते. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?”

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. पप्पांचे डोळे भरले होते आणि गुलालामुळं ते आणखी लाल दिसत होते. एखाद्या मिनिटापुरती मला त्यांची फार दया आली.

“मी पुढच्या वर्षी त्यांना हरवलं असतं,” मी म्हटलं. “खेळून.”

“बोलायला सोपं हाय.”

“यशराज खेळत होता. त्याला तुम्ही काढलंत. पृथ्वीदादा तिथं एकटा बसून रडतोय आणि तुम्ही पेढे खाताय.”

“राजनंदिनी!” आई दटावून म्हणाली, पण तिचा जीव त्या दटावण्यात नव्हता.

“तू पोर हायस अजून,” पप्पा म्हणाले. “एक वर्ष खाली खेळू, परत वर येऊ. हाय काय त्यात!”

मी ओढणीनं गालावरचा पट्टा आणि पेढा, दोन्ही पुसलं. मग हात मागं घेऊन सरळ उभी राहिले, वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभी राहते तशी, कारण नाही तर मला रडू आलं असतं.

“मी नदाफ सरांकडं जाऊन आलो,” मी म्हटलं. “रविवारपासून सकाळी मैदानावर जाणार हाय. मी रेफ्री होणार.”

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. पप्पा आधी हसले. मग हसायचे थांबले.

“रेफ्री? आपल्या पेठेतनं? अगं, सगळ्या गावाच्या शिव्या खातात ती माणसं!”

“आज ऐकल्या मी शिव्या. त्या आपल्याच गोलकीपरला होत्या.”

“आणि अभ्यास?” आई हळूच म्हणाली.

“तो पण करणार. सर म्हणाले, आधी शाळांच्या मॅचेस, लाइनवर झेंडा घेऊन. वय बसलं की परीक्षा. पास झालं की सुरुवातीला खालच्या गटातल्या मॅचेस देतात.” मी पप्पांकडं बघितलं. “तोवर तुम्ही तिथनं वर आलेला असाल, असं मला वाटत न्हाई.”